मुक्त शैक्षणिक साधने : त्यांचा खर्च कोणी व किती काळ सोसावा?



वर्गात शिकविताना आज आपण जी साधने वापरतो त्यांपैकी पुष्कळशी आपल्याला विनामूल्य मिळालेली असतात. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवर मोबाइल धरला की चित्रफीत उघडते. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकाची पीडीएफ प्रत उतरवून घेता येते. शेजारच्या केंद्रातील एखाद्या उत्साही शिक्षकाने केलेली वाचनकार्डे सायंकाळपर्यंत सबंध तालुक्यात पोहोचतात. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कोणाच्या तरी पैशाने व श्रमाने चालते हा विचार सहसा मनात येत नाही. तो येतो ती सोय बंद पडल्यावर. ज्या शाळेच्या पालकांची ऐपत आहे ती शाळा अशा वेळी विकतचे साधन घेते. खेड्यातील शाळेचा पाठ मात्र तेथेच अडतो. म्हणून या साधनांच्या टिकाऊपणाचा प्रश्न सर्वांत आधी आपला आहे.

प्रस्तुत लेखात तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. मुक्त साधन कशास म्हणावे. त्याचा खर्च दीर्घकाळ कसा चालविला गेला, व कोठे चालविता आला नाही. आणि आपल्या केंद्राच्या पातळीवर आपण काय करू शकतो.

१. विनामूल्य आणि मुक्त

‘मुक्त शैक्षणिक साधने’ ही संज्ञा युनेस्कोने २००२ साली पॅरिस येथे भरविलेल्या एका विचारसभेत रूढ झाली. २५ नोव्हेंबर २०१९ रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या विषयावर एक शिफारसपत्र मंजूर केले. त्यातील व्याख्येचा आशय असा : जे अध्ययन-अध्यापनाचे वा संशोधनाचे साहित्य सार्वजनिक मालकीचे आहे, किंवा ज्याच्या कर्त्याने खुला परवाना देऊन ते कोणालाही विनामूल्य मिळविण्याची, पुन्हा वापरण्याची, गरजेनुसार बदलण्याची व इतरांना वाटण्याची मुभा दिली आहे, ते मुक्त साधन होय. अशा परवान्यांचे सर्वांत प्रचलित नमुने म्हणजे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने. ते डिसेंबर २००२ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले.

या व्याख्येवरून एक भेद स्पष्ट होतो. विनामूल्य मिळणारी प्रत्येक वस्तू मुक्त असतेच असे नाही. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात, परंतु त्यांचे हक्क मंडळाकडे असतात. त्यांत फेरफार करून नवी आवृत्ती छापण्याची मोकळीक आपणास नाही. उलट प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या उपक्रमातील गोष्टी घ्या. मूळ लेखक व चित्रकार यांचे श्रेय नोंदवून त्या गोष्टी आपण आपल्या बोलीत उतरवू शकतो, छापू शकतो, वाटू शकतो.

हा भेद केवळ कायद्याचा नाही. विनामूल्य साधनाचे आयुष्य त्याच्या मालकाच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून असते. मुक्त साधनाची प्रत मात्र ज्याच्या हाती आहे तो ती कायदेशीरपणे जिवंत ठेवू शकतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे. तो ध्यानात ठेवावा.

२. खर्च कोठे होतो

साधन डिजिटल असले, की पहिली प्रत तयार झाल्यानंतर पुढच्या प्रतींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही, असे म्हटले जाते. प्रतींपुरते ते खरे आहे. परंतु साधनाचा खर्च प्रतींवर संपत नाही. तज्ज्ञांकडून ते लिहवून व तपासून घ्यावे लागते. चित्रांचे हक्क मिळवावे लागतात. ते जेथे साठविले जाते त्या यंत्रणेचे भाडे दरवर्षी भरावे लागते. अभ्यासक्रम बदलला की पाठ बदलावे लागतात. मोबाइलची प्रणाली बदलली की जुने अॅप चालेनासे होते आणि ते पुन्हा बांधावे लागते. चुका कळवल्या जातात, त्या दुरुस्त करणारा माणूस लागतो.

गावच्या सार्वजनिक विहिरीचा अनुभव आपणा सर्वांस आहे. विहीर बांधून देणारा दाता मिळतो, त्याच्या नावाची शिळा बसते. पण दर उन्हाळ्यात गाळ काढणे, रहाट दुरुस्त करणे, कठडा सांधणे या कामांना दाता मिळत नाही. ती गावानेच करावी लागतात. जेथे गाव ती करीत नाही तेथे शिळा राहते आणि पाणी जाते. शैक्षणिक साधनांच्या बाबतीत नेमके हेच घडते. निर्मितीला अनुदान मिळते, देखभालीला मिळत नाही.

३. तीन विद्यापीठांचा अनुभव

अमेरिकेतील तीन विद्यापीठांनी हे काम तीन निरनिराळ्या पद्धतींनी केले. डेव्हिड वायली या अभ्यासकाने ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी लिहिलेल्या निबंधात या तिन्ही पद्धतींची तुलना केली आहे. त्यानंतर बराच काळ लोटल्यामुळे आज आपणास त्यांचे पुढचे फळही पाहता येते.

पहिली पद्धत एमआयटीची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यापीठाची. आपल्या सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य जगाला विनामूल्य खुले करण्याचा संकल्प या विद्यापीठाने एप्रिल २००१ मध्ये जाहीर केला. ह्यूलेट व मेलन या दोन न्यासांनी पहिल्या टप्प्यासाठी मिळून १ कोटी १० लाख डॉलर दिले. सप्टेंबर २००२ मध्ये पहिले ५० अभ्यासक्रम खुले झाले. २००७ च्या अखेरीस ही संख्या १८०० वर गेली. या कामासाठी स्वतंत्र पगारी कर्मचारीवर्ग नेमलेला होता. एकेका अभ्यासक्रमाच्या प्रकाशनास हजारो डॉलर लागत आणि सबंध उपक्रमाचा वार्षिक खर्च काही दशलक्ष डॉलर होता. न्यासांची मदत कायम राहणार नाही हे ओळखून विद्यापीठाने आपल्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून हिस्सा दिला, वाचकांकडून देणग्या मागितल्या आणि मोठ्या देणगीदारांचाही शोध चालू ठेवला. हा उपक्रम आज दोन दशकांनंतरही चालू आहे.

दुसरी पद्धत युटा स्टेट विद्यापीठाची. येथे थोडे पगारी कर्मचारी व त्यांना साहाय्य करणारे स्वयंसेवक अशी संमिश्र रचना होती. साधन कमी खर्चात तयार होई. ह्यूलेट न्यासाचे अनुदान मिळाले, राज्याच्या विधिमंडळानेही काही रक्कम दिली, आणि ऐंशीच्या आसपास अभ्यासक्रम प्रसिद्ध झाले. परंतु ही सर्व रक्कम मुदतीची होती. विद्यापीठाच्या नित्य अंदाजपत्रकात या कामाला जागा मिळाली नाही. २००९ साली पैसा संपला, संचालकाचे पद गेले, नवे अभ्यासक्रम घालणे व जुने सुधारणे थांबले. याच विद्यापीठात मुक्त व शाश्वत अध्ययनाला वाहिलेले एक केंद्र होते. शाश्वततेचा अभ्यास असणे निराळे आणि तिची तरतूद असणे निराळे, ही गोष्ट त्यावरून कळते.

तिसरी पद्धत राइस विद्यापीठाची. तेथील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक रिचर्ड बॅरानिक यांनी १९९९ साली ‘कनेक्शन्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. कोणाही शिक्षकाने लहान लहान घटक लिहावेत, दुसऱ्याने ते जोडून पुस्तक करावे, अशी ती सहकारी कल्पना होती. लेखनाचा खर्च त्यामुळे कमी झाला. परंतु विखुरलेल्या घटकांची गुणवत्ता सारखी राखणे कठीण गेले आणि वर्गात सरळ वापरता येईल असे संपूर्ण पुस्तक हवे, अशी शिक्षकांची मागणी राहिली. २०१२ पासून याच उपक्रमातून ‘ओपनस्टॅक्स’ ही संपूर्ण, तज्ज्ञांनी तपासलेली पाठ्यपुस्तके निघू लागली. त्यांचा खर्च न्यासांच्या देणग्यांतून, आणि त्या पुस्तकांवर आधारलेली पूरक सेवा विकणाऱ्या कंपन्या जो वाटा देतात त्यातून भागतो. पुढे २०२२ साली कनेक्शन्सचे जुने भांडार बंद करण्यात आले. पण त्यापूर्वी त्यातील साहित्य ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या सार्वजनिक संग्रहात ठेवले गेले. दार बंद झाले, आतील साहित्य वाचले. खुल्या परवान्याचा उपयोग येथे दिसतो.

या तिन्ही हकीकतींचे तात्पर्य एकच आहे. साधनाचे आयुष्य ते किती थाटात सुरू झाले यावर ठरत नाही. अनुदानाची मुदत संपल्यानंतर ते कोणाच्या नित्य जमाखर्चात आणि नित्य कर्तव्यात बसले, यावर ठरते.

४. दक्षिण आफ्रिकेतील शालेय पुस्तके

ही उदाहरणे विद्यापीठांची झाली. शाळेच्या जवळचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेत सापडते. तेथे भौतिकशास्त्राचे एक तरुण संशोधक मार्क हॉर्नर यांचे व्याख्यान ग्रामीण भागातील काही विद्यार्थ्यांनी ऐकले व टिपून घेतले. त्यांच्या शाळेत पाठ्यपुस्तके नसल्यामुळे त्या टिपणांचाच पुस्तकासारखा उपयोग करावयाचा होता. टिपणे बरोबर आहेत ना, एवढे पाहून द्यावे, अशी त्यांची विनंती होती, असे सांगितले जाते. त्यातून २००२ साली हॉर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळांसाठी विज्ञानाची मुक्त पाठ्यपुस्तके लिहिण्याचे काम हाती घेतले.

पुढे शटलवर्थ न्यासाच्या आधाराने हे काम ‘सियावुला’ या संस्थेत वाढले. या शब्दाचा अर्थ ‘आम्ही उघडीत आहोत’ असा आहे. २०१२ साली तेथील शासनाच्या मूलभूत शिक्षण विभागाने इयत्ता दहावी ते बारावीची गणित व भौतिक विज्ञानाची ही पुस्तके छापून शासकीय शाळांत वाटली. लेखन व संपादन झालेले असल्यामुळे आणि परवाना खुला असल्यामुळे शासनाला मुख्यतः छपाई व वाटपाचाच भार उचलावा लागला. संस्थेने आपला पुढील खर्च भागविण्यासाठी सरावाच्या प्रश्नांची एक सशुल्क सेवा उभी केली. पुस्तके मात्र विनामूल्यच ठेवली.

येथे आपणास दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. स्वयंसेवकांचे श्रम, न्यासाचे अनुदान व शासनाची छपाई ही तिन्ही एकमेकांच्या जागी चालणारी नव्हेत. ती क्रमाने एकमेकांना जोडली गेली म्हणून पुस्तक मुलाच्या हाती पडले. आणि ज्या गावी वीज व संपर्क यांचा भरवसा नाही त्या गावासाठी छापील प्रत हीच शेवटी खरी प्रत ठरते.

५. आपल्याकडील व्यवस्था

आपल्या देशात या कामाचा मुख्य भार शासनाने उचलला आहे. आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली केंद्र शासनाच्या साहाय्याने ‘एनपीटीईएल’ हा तंत्रशिक्षणाचा उपक्रम सुरू केला. तेथे पाठ विनामूल्य आहेत. ज्यास प्रमाणपत्र हवे त्याने परीक्षेचे शुल्क भरावे, अशी सोय पुढे करण्यात आली. ज्ञान सर्वांस, आणि खर्चाचा वाटा ज्यास अधिक सेवा हवी त्याच्याकडून, हे सूत्र समंजस आहे.

शालेय शिक्षणासाठी २०१३ साली एनसीईआरटीच्या द्वारे मुक्त साधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू झाले, तर ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे व्यासपीठ सुरू झाले. आपल्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोड याच व्यवस्थेशी जोडलेले आहेत. दीक्षेची मूळ संगणकीय बांधणीही खुल्या परवान्याची आहे, ही तिची भक्कम बाजू होय.

शासनाच्या नित्य आश्रयाने दीर्घ काम कसे तडीस जाते याचे मराठीतील उदाहरण म्हणजे मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली स्थापन झालेल्या मंडळाने हे काम हाती घेतले. पहिला खंड १९७६ साली निघाला. विसावा खंड २०१५ साली पूर्ण झाला. त्याच्या परवान्याचा प्रश्न वेगळा ठेवला तरी एवढे निश्चित, की कोणत्याही तीन वा पाच वर्षांच्या प्रकल्प-अनुदानावर हे काम झाले नसते. संपादक बदलले, शासने बदलली, तरी मंडळ व त्याची वार्षिक तरतूद कायम राहिली. आज तो विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो.

शासकीय आश्रयालाही मर्यादा आहेत. योजना बदलतात, नावे बदलतात, एका भांडारातील साहित्य दुसऱ्यात हलविताना काही मागे राहते. आणि एखाद्या पाड्यावरील मुलांच्या बोलीतील शब्दचित्रे राज्य पातळीवरील यंत्रणा तयार करू शकेल, अशी अपेक्षाही वाजवी नाही. ते काम त्या पाड्यावरील शिक्षकाचेच. मग ते टिकविण्याची जबाबदारी कोणाची?

६. केंद्रात करावयाच्या गोष्टी

आपल्याकडील साधने नष्ट होण्याचे सर्वांत मोठे कारण पैसा नव्हे. बदली हे आहे. एखादी शिक्षिका चार वर्षे खपून बोलीभाषेतून प्रमाण मराठीकडे नेणारी शब्दकार्डे तयार करते. तिची बदली होते. कार्डे तिच्या मोबाइलमध्ये किंवा तिच्या जुन्या लॅपटॉपमध्ये राहतात. नवीन शिक्षक पहिलीच्या वर्गासमोर पुन्हा शून्यापासून आरंभ करतो, आणि त्या वर्षीची मुले त्याची किंमत देतात. हे टाळण्यासाठी पुढील गोष्टी अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत.

(अ) प्रत्येक साधनावर कर्त्याचे नाव, शाळा, महिना व वर्ष आणि परवान्याची ओळ लिहावी. उदाहरणार्थ : ‘श्रेय नोंदवून व याच अटीवर कोणासही वापरण्यास, बदलण्यास व वाटण्यास परवानगी आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश व समवाटप परवाना.’ १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यान्वये नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या साहित्याचा हक्क, निराळा करार नसल्यास, सामान्यतः नियोक्त्याकडे जातो. म्हणून अशी ओळ छापण्यापूर्वी कार्यालयाची लेखी संमती घ्यावी. दुसऱ्याची चित्रे अनुमतीवाचून वापरू नयेत. एका चित्रामुळे सबंध साधन अडून राहते.

(आ) मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या प्रकारच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो, हा अनुभव पुष्कळांस आहे. पीडीएफबरोबर बदल करता येईल अशी मूळ फाइलही जपावी. ज्यात दुरुस्ती करता येत नाही ते साधन अभ्यासक्रम बदलताच मृत होते.

(इ) प्रत्येक साधन तीन ठिकाणी असावे : केंद्रशाळेच्या संगणकात, एका स्वतंत्र हार्ड डिस्कमध्ये, आणि छापील स्वरूपात फाइलीत.

(ई) केंद्रशाळेत साधन-नोंदवही ठेवावी. साधनाचे नाव, इयत्ता, कर्ता, परवाना, साठवणीची जागा, शेवटच्या दुरुस्तीची तारीख व पालक-शिक्षक, एवढे रकाने पुरेत. बदलीच्या वेळी टेबल-खुर्च्यांबरोबर या साधनांचाही पदभार-यादीत उल्लेख करावा. जी वस्तू यादीत नसते तिची वारसदारी कोणी घेत नाही.

(उ) उन्हाळी सुटीनंतरच्या पहिल्या शिक्षण परिषदेत एक तास नोंदवहीच्या वाचनासाठी राखावा. कोणता दुवा बंद पडला, कोणती चूक आढळली, काय काढून टाकावे, हे ठरवावे. विहिरीचा गाळ काढण्याचा हा आपला दिवस होय.

(ऊ) छपाई व साठवण यांचा लहानसा खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडून शाळा विकास आराखड्यात त्याची ओळ घालावी. रक्कम पाचशे रुपये असली तरी चालेल. ती दरवर्षी असावी. एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा अशा ओळीचा आधार अधिक असतो.

(ए) एखादी कंपनी वा संस्था शाळेस विनामूल्य अॅप किंवा उपकरण देऊ करील तेव्हा स्वीकारण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या वर्षी याचा खर्च कोण देणार? उपक्रम बंद झाल्यास यातील साहित्य आम्हांस बाहेर काढून ठेवता येईल काय? आणि ते बदलण्याची व वाटण्याची लेखी परवानगी आहे काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी असल्यास ती भेट नसून एक नमुना आहे, असे समजावे आणि सबंध वर्षाचे अध्यापन त्यावर टांगू नये.

७. समारोप

युनेस्कोच्या २०१९ च्या शिफारसपत्रात सदस्य राष्ट्रांना पाच क्षेत्रांत कार्य करण्यास सुचविले आहे. शाश्वततेच्या पद्धती निर्माण करणे हे त्यांपैकी एक. शासनाने, विद्यापीठांनी व न्यासांनी आपापला भाग करावाच. तशी मागणी करणे हा आपला हक्क आहे. परंतु निधी कितीही आला तरी साधनाची जपणूक शेवटी नेमलेल्या माणसाच्या हाती असते. त्या माणसाचे नाव नोंदवहीत असावे, त्याच्या श्रमाचे श्रेय साधनावर असावे, आणि तो गेल्यावर त्याची जागा कोण घेणार हे आधी ठरलेले असावे. एवढे झाले तर पुढील जूनमध्ये पहिलीत येणारे मूल मागील शिक्षिकेच्या कष्टांपासून वंचित राहणार नाही.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेत नित्य वापरल्या जाणाऱ्या पाच विनामूल्य साधनांची यादी करा. त्यांपैकी खऱ्या अर्थाने मुक्त कोणती? हे कशावरून ठरविले?

२. त्यांपैकी कोणते साधन उद्या बंद पडल्यास सर्वाधिक अडचण होईल? त्याची पर्यायी प्रत आज कोठे आहे?

३. गेल्या पाच वर्षांत बदली होऊन गेलेल्या शिक्षकांनी तयार केलेले कोणते साहित्य शाळेत शिल्लक आहे? जे नाही ते त्यांच्याकडून मिळविता येईल काय?

४. युटा स्टेट विद्यापीठाच्या उपक्रमास आपण सल्ला देत आहोत अशी कल्पना करा. अनुदान चालू असतानाच कोणती तीन पावले उचलावयास हवी होती?

५. केंद्राच्या साधन-नोंदवहीसाठी पालक-शिक्षक निवडा आणि पहिल्या दहा साधनांची नोंद करून ती पुढील परिषदेत वाचून दाखवा.